पिवळे पान पाहून घाई नको

बागेतील एखाद्या रोपाची पाने पिवळी पडू लागली की आपल्या तोंडून पहिला शब्द निघतो तो ‘पाणी’. पाणी कमी पडले असेल, पाणी घाला! हे उत्तर इतके सोपे आहे की ते देण्यासाठी रोपाकडे नीट बघावेही लागत नाही. मीसुद्धा ते एकदा असेच देऊन टाकले होते. त्याचे काय झाले ते आधी सांगतो, कारण हा लेख त्या चुकीतूनच निघाला आहे.

मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. काही वर्षांपूर्वी ऑक्टोबरच्या अखेरीस एका गावातील शाळेने मला विज्ञान मंडळाच्या कार्यक्रमासाठी बोलावले होते. कार्यक्रम आटोपल्यावर शाळेची बाग पाहिली. मावळतीकडे तोंड असलेल्या एका भिंतीलगत फुटबॉल लिलीचा वाफा होता. ही लिली तुम्ही नक्की पाहिली असेल. उन्हाळा टिपेला पोचला की जमिनीतून एक जाड दांडा वर येतो आणि त्याच्या टोकाला शंभरावर बारीक फुलांचा लालभडक चेंडू उमलतो. मे महिन्यात फुलते म्हणून पुष्कळ लोक तिला ‘मे फ्लॉवर’ म्हणतात. वाफ्यात बारा कंद होते आणि त्यांची पाने पिवळी पडत चालली होती. नववीतील एका मुलीकडे वाफ्याची जबाबदारी होती. तिने विचारले, “सर, पानं अशी का होताहेत? मी काय करू?” तिच्या हातात एक वही होती. माझी बसची वेळ झाली होती. चालता चालताच मी म्हणालो, “पाणी कमी पडतंय. रोज घालत जा.”

पुढच्या जूनमध्ये पुन्हा त्या गावी जाणे झाले. मे महिन्यात फक्त तीन फुले आली होती. उरलेले नऊ कंद उकरले तर बोटाखाली पिचत होते आणि त्यांना कुजट वास येत होता. ती मुलगी एवढेच म्हणाली, “सर, मी रोज पाणी घातलं. दिवाळीच्या सुट्टीतसुद्धा येऊन घातलं.” शाळेत तिला ‘लक्ष दिलं नाहीस’ म्हणून बोलणी बसली होती. खरे तर तिने माझे ऐकले, म्हणून कंद गेले. त्या दिवशी मी तिची वही प्रथमच उघडून पाहिली. उत्तर तीत ऑक्टोबरपासूनच होते.

कंद म्हणजे शिल्लक

ती वही समजण्यासाठी कंद म्हणजे काय ते पाहिले पाहिजे. स्वयंपाकघरातील कांदा उभा चिरा. तळाशी एक चपटी, टणक चकती दिसेल, ते खोड. तिच्यावर एकावर एक बसलेले मांसल पापुद्रे म्हणजे पानांचे फुगलेले तळ. मधोमध पुढच्या कोंबाची जागा. फुटबॉल लिली, निशिगंध आणि ट्यूलिप यांचे कंद थोड्याफार फरकाने असेच असतात. पापुद्र्यांत अन्न साठवलेले असते. टोपलीतल्या कांद्याला मातीशिवाय, पाण्याशिवाय हिरवा कोंब फुटतो तो याच शिल्लकीवर. असा कोंब आलेला कांदा दाबून पाहा. तो पोकळ, मऊ लागतो. शिल्लक खर्च झालेली असते.

लिलीचा लाल चेंडू हासुद्धा खर्चच आहे. पाने नुकती निघत असताना, किंवा निघण्यापूर्वीच, फूल येते. म्हणजे ते यंदाच्या पानांच्या कमाईवर नव्हे, तर गेल्या पावसाळ्यातील पानांनी साठवलेल्या अन्नावर उमलते. फूल गेल्यावर पाने मोठी होतात आणि सारा पावसाळा प्रकाशसंश्लेषण करून पुढच्या मे महिन्याची तरतूद करतात. आपण पाहतो फूल. पण कंदाच्या दृष्टीने महत्त्वाचे महिने फूल गेल्यानंतरचे असतात.

पावसाळा संपला, हवा कोरडी झाली की हे काम आटोपते. पण पान नुसते वाळत नाही. आधी ते आवराआवर करते. हरितद्रव्याचे विघटन होते, पानातील नायट्रोजन, फॉस्फरस यांसारखी मोलाची द्रव्ये सुटी होऊन कंदाकडे परत जातात. हिरवा रंग गेला की त्याच्याखाली आधीपासूनच असलेला पिवळा रंग दिसू लागतो. म्हणजे या दिवसांतील पिवळे पान आजारी नसते. ते हिशेब पुरा करीत असते. पान असे पिवळे पडू लागले की कंदाला पाणी कमी हवे असते आणि पाने गेल्यावर जवळजवळ नकोच असते. नेमक्या त्याच वेळी मी रोज पाणी घालायला सांगितले.

पिवळे आणि तपकिरी यांत फरक

त्या मुलीच्या वहीत दोन निरनिराळ्या नोंदी होत्या. पहिली सप्टेंबरमधील, गणपती विसर्जनानंतर पावसाने उघडीप दिली तेव्हाची: भिंतीकडच्या चार झाडांच्या पानांची टोके आणि कडा तपकिरी, बाकी पान हिरवे. दुसरी ऑक्टोबरच्या उत्तरार्धातील: लांबच्या आठ झाडांची बाहेरची जुनी पाने आधी पिवळी, आतली अजून हिरवी. ही दोन दुखणी वेगळी होती. खरे म्हणजे त्यांतले दुसरे दुखणे नव्हतेच. मी दोन्हींना एकच औषध दिले.

तपकिरी रंग कोठून येतो? वांगे चिरून ठेवा. थोड्या वेळात फोडी काळपट तपकिरी होतात. सुरीने पेशी फुटतात, एरवी वेगवेगळ्या कप्प्यांत असलेली रसायने आणि विकरे एकत्र येतात, हवेतील ऑक्सिजनशी त्यांची क्रिया होते आणि तपकिरी द्रव्ये तयार होतात. पानातील पेशी अचानक मेल्या तरी बहुधा हेच घडते. म्हणून एक ढोबळ खूणगाठ बांधता येते. पान आधी पिवळे आणि मग सावकाश तपकिरी झाले, तर ते आवरून गेले. हिरवे असतानाच थेट तपकिरी झाले, तर त्याला आवरायला वेळ मिळाला नाही. काहीतरी अपघात झाला. पहिल्यात कंद भरलेला राहतो, दुसऱ्यात पानातील ऐवज पानातच जळून जातो.

भिंतीजवळची चार झाडे

तो अपघात कोणता? येथे माझा विषय कामाला येतो, आणि म्हणूनच माझी चूक मला अधिक बोचते.

पानाच्या आतील पोकळ्यांत हवा जवळजवळ बाष्पसंपृक्त असते. बाहेरची हवा त्यापेक्षा कोरडी. आतल्या आणि बाहेरच्या बाष्पदाबांतील फरक जितका मोठा, तितके पानातून पाणी ओढले जाते. आता आकडे पाहा. 30 अंश सेल्सिअसला पाण्याचा संपृक्त बाष्पदाब पाऱ्याच्या सुमारे 31.8 मिलिमीटर असतो. बाहेरची हवा 30 अंशांची आणि तिची सापेक्ष आर्द्रता 50 टक्के धरली तर तिच्यातील बाष्पदाब 15.9 मिलिमीटर. सावलीतील पानाचे तापमानही 30 अंशच मानू. मग फरक झाला 15.9 मिलिमीटर.

आता त्याच हवेत, पण दुपारच्या उन्हात तापलेल्या भिंतीशेजारी, पानाचे तापमान 40 अंशांवर गेले असे समजा. 40 अंशांना संपृक्त बाष्पदाब सुमारे 55.3 मिलिमीटर असतो. हवा तीच, म्हणून बाहेर 15.9 मिलिमीटरच. फरक झाला 39.4 मिलिमीटर, जवळजवळ अडीचपट! पाऊस तोच, माळी तोच, माती तीच आणि दोन रोपांत अंतर हातभर. तरी एका पानावरची ओढ दुसऱ्याच्या अडीचपट असू शकते.

मुळे या वेगाने पाणी पुरवू शकली नाहीत की पर्णरंध्रे मिटू लागतात. त्यामुळे बाष्पीभवनाने मिळणारा गारवा कमी होतो आणि पान आणखी तापते. टोक आणि कडा पुरवठ्यापासून सर्वांत लांब, म्हणून त्या आधी करपतात. फुटबॉल लिली मुळात आफ्रिकेतील, झाडांच्या सावलीत खूश असणारी. तिला पश्चिमेच्या भिंतीशी उभे करणे हीच चूक होती. उपाय रोजचे पाणी नव्हता. जागा बदलणे किंवा दुपारची सावली करणे हा होता.

ओल्या मातीत तहान

रोजच्या पाण्याने काय बिघडले? मुळांनाही श्वसनासाठी ऑक्सिजन लागतो. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत हवा असते तोवर तो मिळतो. पोकळ्या पाण्याने भरल्या की पंचाईत होते, कारण पाण्यातून ऑक्सिजनचे विसरण हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी सावकाश होते. मुळे गुदमरतात, मरतात, आणि मेलेली मुळे पाणी ओढू शकत नाहीत. मग चमत्कारिक दृश्य दिसते: माती ओली आणि पान तहानलेले! ते मलूल पान पाहून माळी आणखी पाणी घालतो. अशा मातीत बुरशी आणि जिवाणू कंदाच्या तळाच्या चकतीवर हल्ला करतात आणि कंद खालून सडतो. वाचलेले तीन कंद वाफ्याच्या उताराच्या टोकाला होते. तेथे पाणी साचत नव्हते, एवढेच त्यांचे भाग्य.

पिवळेपणा नैसर्गिक की सडल्यामुळे, हे ओळखण्यासाठी पान हलकेच ओढून पाहावे. कामकाज संपलेले पान कोरडे असते आणि सहज सुटून येते. सडलेले पानही सहज निघते, पण त्याचा बुंधा बुळबुळीत असतो आणि वास येतो. शंका असेल तर एक कंद उकरून दाबून पाहावा. बारापैकी एक कंद उकरण्याचे धाडस मी केले असते, तर उरलेले वाचले असते.

कारण जुने, परिणाम आजचा

कधी कधी कारण आणि परिणाम यांत महिन्यांचे अंतर असते. हल्ली घरबसल्या ट्यूलिपचे कंद मागवता येतात. हौसेने लावलेल्या कंदातून बुटका दांडा येतो, कळी उमलण्यापूर्वीच तपकिरी होऊन वाळते. लोक मातीला दोष देतात. पण ट्यूलिपचे फूल मातीत घडतच नाही. 1920 च्या सुमारास नेदरलँड्समधील वागेनिंगेन येथे आंतोन ब्लाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कंद कापून, सूक्ष्मदर्शकाखाली पाहून, तापमानाचे पद्धतशीर प्रयोग सुरू केले. ट्यूलिपचे इवलेसे फूल उन्हाळ्यात, कंद जमिनीबाहेर कोरडा पडून असतानाच, आत तयार होते हे अशा अभ्यासातून स्पष्ट झाले. त्यानंतर त्याला साधारण तीन महिने किंवा त्याहून थोडी अधिक थंडी लागते, 9 अंश किंवा त्याखालची. ती मिळाली नाही तर दांडा वाढत नाही आणि कळी फुकट जाते. पुण्याच्या किंवा नागपूरच्या हिवाळ्यात ती कशी मिळणार?

म्हणून काही जण कंद फ्रिजमध्ये ठेवतात आणि तेथे दुसरी चूक करतात. शेजारीच सफरचंदे असतात. तुमच्या आजीने आंब्यांची आढी लावलेली तुम्ही पाहिली असेल. पिकणारा आंबा एथिलीन वायू सोडतो आणि तो शेजारच्या आंब्यांनाही पिकवतो. सफरचंदही हाच वायू सोडते. कंदातील कोवळ्या फुलाला मात्र तो घातक असतो. वनस्पतींवरील या वायूचा परिणाम रशियातील द्मित्री नेल्युबोव यांनी 1901 मध्ये वाटाण्याच्या रोपांवर दाखवून दिला होता. तेव्हा डिसेंबरमध्ये फ्रिजमधल्या सफरचंदाने केलेला घात फेब्रुवारीत कुंडीत दिसतो, आणि आपण फेब्रुवारीतल्या पाण्याला दोष देत बसतो.

नीट उमललेले फूलही उन्हाने लवकर संपते. तापमान 10 अंशांनी वाढले की श्वसनाचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो, आणि पाकळ्यांतील साठा लवकर सरतो. श्रीनगरमध्ये दाल सरोवराजवळ 2007 मध्ये खुल्या झालेल्या ट्यूलिप उद्यानाचा बहर मार्चअखेर ते एप्रिल एवढाच, जेमतेम महिनाभर असतो. वसंतात थंडी टिकली तर तो लांबतो, ऊन चढले तर आटपतो. 2022 चा मार्च हा 1901 पासूनच्या नोंदींत आपल्या देशातील सर्वांत उष्ण मार्च ठरला. अशी वर्षे वाढू लागली तर फुले लवकर कोमेजण्याची तक्रारही वाढणार. म्हणूनच तारखांच्या नोंदी आज पूर्वीपेक्षा अधिक मोलाच्या आहेत.

शाळांना एक विनंती

आता मुख्य मुद्दा. शाळेच्या बागेची किंमत आपण फुलांवरून करतो. तपासणीच्या आधी पिवळी पाने छाटून वाफा स्वच्छ केला जातो. काही ठिकाणी पाने वेणीसारखी गुंडाळून बांधतात. छाटलेल्या किंवा गुंडाळलेल्या पानाला प्रकाश मिळत नाही, आणि कंदाची भरती थांबते. पुढच्या वर्षी फूल आले नाही की कंद विकणाऱ्याला नाहीतर मुलांना दोष दिला जातो. माझे म्हणणे असे की बागेला गुण द्यायचेच तर फुलांना कमी आणि नोंदवहीला जास्त द्यावेत.

शिक्षकांची अडचण मला समजते. वर्गात साठ मुले, अभ्यासक्रम पुरा करायचा, त्यात सुकलेला वाफा पाहुण्यांना दाखवायचा कसा? त्यावर साधा उपाय आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास वाफ्यासमोर झेंडूच्या कुंड्या मांडा. पिवळी पाने झाकली जातील आणि आपले काम करत राहतील. नोंदीला तर आठवड्यातून पाच मिनिटे पुरतात. तारीख, पाऊस की ऊन, कोणते पान, कोणता भाग, कोणता रंग. बस्स.

आणखी एक. आजकाल पानाचा फोटो काढून मोबाइलला उत्तर विचारायची सोय झाली आहे. ती वापरू नका असे मी म्हणणार नाही. पण फोटोत आजचे पान दिसते. ते कडेपासून सुकत आले की बुडापासून, भिंतीकडचे आधी गेले की उताराकडचे, हे फोटोत नसते. चालता चालता उत्तर देणारा मीही त्या दिवशी एका फोटोपेक्षा जास्त काही पाहिले नव्हते. कोणत्याही जाणकाराला प्रश्न विचारताना वही पुढे करा. आणि त्याने वही न उघडताच उत्तर दिले, तर त्याला नम्रपणे म्हणा, “सर, आधी एवढं वाचून बघता का?” यात उद्धटपणा नाही.

करून पाहा

फुटबॉल लिलीचे साधारण सारख्या वजनाचे सहा कंद घ्या. प्रयोगशाळेच्या तराजूत प्रत्येकाचे वजन करून क्रमांक लावा. सहा कुंड्या, एकच माती, एकच अर्धसावली. जुलैमध्ये तीन कुंड्यांतील पाने कापून टाका, पुन्हा आली तर तीही कापा. उरलेल्या तिन्हींची आपोआप सुकेपर्यंत ठेवा. पाने सुकली की पाणी बंद. जानेवारीत सर्व कंद काढून, माती झटकून पुन्हा वजन करा. तीन-तीन कंद अशासाठी की कोणतेही दोन कंद तंतोतंत सारखे नसतात. एकावरून निष्कर्ष काढू नये. या कंदात विषारी द्रव्ये असतात, म्हणून तो कांद्याच्या टोपलीजवळ ठेवू नका आणि हाताळल्यावर हात धुवा. कंद पुन्हा लावून मे महिन्यात कोणाला फूल येते तेही पाहा. उत्तर मी येथे सांगत नाही. ते तराजूला विचारा.

त्या शाळेतील वाचलेल्या तीन कंदांना पुढे बाजूला पिल्ले फुटली. वाफा आता भिंतीपासून दूर, आंब्याच्या सावलीत आहे. त्या मुलीची मी तिच्या वर्गासमोर माफी मागितली. ती संकोचली; पण वर्गाला जे शिकवायचे होते ते माझ्या व्याख्यानापेक्षा त्या एका वाक्याने अधिक शिकवले असावे. तिने पाहिले होते आणि लिहिले होते. मी फक्त सांगितले होते. विज्ञानाच्या बाजूने त्या दिवशी कोण उभे होते, ते तुम्हीच ठरवा.